कुंदाताई माफ करत नाहीत

कुंदाताई पुराणिक कुणाला माफ करत नसत. हे त्यांच्याबद्दल कुणी पाठीमागे बोलायची गरजच नव्हती, त्या स्वतःच सांगत. नगरच्या सावेडीतल्या वधू-वर सूचक केंद्रात मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला, माझी खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "वैशाली, चुका खुशाल कर. मी ओरडेन आणि विसरून जाईन. अपमान मात्र करू नकोस. तो मी सांभाळून ठेवते."

ठेंगणी मूर्ती, घट्ट बांधलेला अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि त्यावर स्कूटरचं हेल्मेट. मूळच्या बेलापूरच्या. वडील तिथल्या शाळेत हेडमास्तर होते, त्यामुळे बोलणं शुद्ध आणि ठाशीव. लोकांना राग आला की त्यांचा आवाज चढतो, कुंदाताईंचा उतरायचा. त्या हळू बोलायला लागल्या की आम्ही समजायचो, कुणाचं तरी काही खरं नाही.

त्यांच्या सुडाची पहिली हकीकत मला केंद्रातल्या चहावाल्यानेच सांगितली. कापडबाजाराजवळच्या एका शिंप्याने त्यांच्या ब्लाऊजचा गळा बिघडवला होता. चूक कबूल करायची सोडून तो म्हणाला, "बाई, गळा बरोबर आहे. तुमचा खांदाच उतरता आहे." कुंदाताईंनी ब्लाऊजची घडी घातली. शिलाई देऊन निघून आल्या. पण केंद्रात लग्न ठरलं की मुलीच्या आईला त्या चार गोष्टी सांगत: कार्यालय कुठलं, आचारी कोण, बांगड्या कुठे. शेवटी सांगत, "ब्लाऊज कुठेही शिवा, फक्त त्या अमक्याकडे नको." असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. लग्नसराईत आजूबाजूच्या शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसे आणि हा दारात उभा. अखेर कुणीतरी त्याला कारण सांगितलं. तो केंद्रात येऊन हात जोडून उभा राहिला. कुंदाताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खांदा अजून उतरताच आहे हो."

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. कुंदाताई लग्नाच्या होत्या तेव्हा पुण्याहून एक स्थळ बेलापूरला आलं होतं. त्या लोकांनी कुंदाताईंना चालायला लावलं, वर्तमानपत्र वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. नंतर नकार आला आणि त्यात लिहिलं होतं, मुलगी बोलण्यात फटकळ आहे. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच घरातला एक इंजिनिअर मुलगा आईवडिलांना घेऊन आमच्या केंद्रात आला. फॉर्मवरचं आडनाव आणि गाव वाचून कुंदाताईंनी सगळ्यांना सरबत दिलं. मग मुलाला म्हणाल्या, "जरा त्या खिडकीपर्यंत चालून दाखवता का?" तो बिचारा चालला. मग त्यांनी त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. "अग्रलेख वाचा. मोठ्याने." मुलाची आई गोंधळून म्हणाली, "हे कशासाठी?" त्याचे वडील मात्र कुंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचे कान लाल झाले. ते तेच होते. तेव्हाचे नवरदेव.

मुलाला पुढे कुंदाताईंनीच चांगली मुलगी बघून दिली. त्यांचं भांडण मुलाशी नव्हतं.

त्यांचे यजमान मुकुंदराव म्हणजे अगदी मवाळ गृहस्थ. मी एकदा त्यांना विचारलं, तुमचं दोघांचं कधी भांडण झालं का? ते म्हणाले, "एकदाच झालं. अजून चालू आहे."

केंद्राचे मालक नानासाहेब. पांढरा सफारी, कपाळावर गंध, सगळ्यांशी गोड बोलणं. मनाने वाईट म्हणता येणार नाही, पण अंगाशी आलं की बाजूला सरकायची त्यांना सवय होती. केंद्राचं सॉफ्टवेअर त्यांच्या जावयाने बनवलेलं होतं. मुलामुलींची माहिती, फोटो, फोन नंबर, पत्रिका, सगळं त्यात. जावयाने तेच सॉफ्टवेअर थोडं इकडंतिकडं करून नगरमध्ये, श्रीरामपूरला, बेलापूरला दुकानांना, लॅबला, वसतिगृहांना विकलं होतं आणि नानासाहेब आल्यागेल्याला त्याची जाहिरात करत. त्यात एकच मेख होती. ते फक्त एका जुन्या ब्राउझरमध्ये चालायचं. ज्यांनी तो ब्राउझर बनवला त्यांनीच तो कधीचा सोडून दिला होता. आमच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी पट्टी यायची, हा ब्राउझर आता सुरक्षित नाही, दुसरा वापरा. बँकेची साइट त्यात उघडेनाशी झाली, सरकारी साइटही. त्यासाठी आम्ही मोबाईल वापरायचो, पण मुलींचे फोटो मात्र त्या जुन्याच खिडकीतून आतबाहेर करायचो.

कुंदाताईंना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं. माउस त्या कुंकवाच्या करंड्यासारखा दोन बोटांत धरत. पण त्यांना वाचता येत होतं. त्या नानासाहेबांना म्हणाल्या, "तो रोज सांगतोय, माझ्यावर विसंबू नका म्हणून. एकदा जावईबापूंना सांगून बदलून घ्या."

"चालतंय ना?" नानासाहेब म्हणाले. "मग चालू द्या. बदलायचं म्हणजे सगळं नव्याने लिहावं लागतं म्हणे."

त्यांनी परत सांगितलं. मग परत. शेवटच्या वेळी बाकावर दोन-तीन कुटुंबं बसलेली होती आणि नानासाहेब हसत हसत त्यांच्यासमोर म्हणाले, "कुंदाताई, कॉम्प्युटरचं आमचे जावई बघतील. तुम्ही पाहुण्यांच्या पोह्यात मीठ बघा."

कुंदाताई हळू आवाजात "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी पाथर्डीकडचे रामभाऊ केंद्रात आले. त्यांची मुलगी मनीषा डी.एड. झालेली, खाजगी शाळेत शिकवणारी. तिचं नाव आमच्याकडे होतं. रामभाऊ एसटीने आले होते, टोपी हातात होती. बाक भरलेला होता. त्यांनी कुणाकडे न बघता सुरुवात केली.

"आमच्या पोरीला फोन येत्यात. कुनी कुनी लोकं. घान घान बोलत्यात. तिचा फोटू कुटल्यातरी पानावर टाकलाय, खाली नंबर टाकलाय. त्यो फोटू आमी फकस्त तुमाला दिल्ता. दुसरीकडं कुटंबी न्हाई. मंग गेला कसा?"

बाकावरच्या एका बाईंनी आपल्या मुलीचा हात धरला. सगळे नानासाहेबांकडे बघायला लागले. नानासाहेबांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोंचं सगळं कुंदाताई बघतात. पासवर्ड त्यांच्याकडे. मी काय सांगू? माणसाला कधी मोह होतो, कुणाच्या मनात काय आहे..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पण ते पुरेसं होतं. रामभाऊ कुंदाताईंच्या टेबलासमोर आले आणि म्हणाले, "बाई, तुमाला लेक न्हाई का?"

कुंदाताईंना मूलबाळ नव्हतं. त्या उठल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. नानासाहेबांना म्हणाल्या, "पुन्हा म्हणा."

"तसं नाही हो, पण चौकशी तर व्हायला पाहिजे..."

"व्हायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की बाकावरच्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. त्यांनी पर्स घेतली, हेल्मेट घातलं आणि रामभाऊंना म्हणाल्या, "चला. स्कूटरवर मागे बसा." मला म्हणाल्या, "तू रिक्षाने ये. साक्षीला कुणीतरी हवं."

नगरच्या रस्त्यावरून त्या दोघांना जाताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पुढे साडी आणि हेल्मेट, मागे धोतर आणि टोपी, दोघांचेही चेहरे दगडासारखे. मी पोलिसांच्या सायबर शाखेत पोचले तेव्हा कुंदाताई एका तरुण महिला अधिकाऱ्यासमोर बसल्या होत्या.

"संशयित म्हणून माझं नाव लिहा," त्या सांगत होत्या.

"मावशी, तक्रार यांची आहे ना?"

"तक्रार यांची. संशय माझ्यावर आहे, चार लोकांसमोर घेतलाय. माझी चौकशी करा. माझा फोन घ्या, घर तपासा, आणि तो कॉम्प्युटर उचलून आणा. मी केलं असेल तर मला आत टाका. नसेल केलं तर कुणामुळे झालं ते मला कागदावर हवंय."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "स्वतःचं नाव द्यायला आलेली तुम्ही पहिलीच." रामभाऊ त्या वेळी पहिल्यांदा कुंदाताईंकडे नीट बघत होते.

कॉम्प्युटर गेला; नानासाहेबांनी दुसरा आणून त्यातही तोच जुना ब्राउझर घातला. कुंदाताईंचा फोनही गेला. त्या रोज वेळेवर केंद्रात येत, पोहे करत, मीठ बघत आणि नानासाहेबांशी अक्षर बोलत नसत. बाकावर बसणारी माणसं त्यांना बघून कुजबुजायची. एका आजींनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या दिवशी कुंदाताई आतल्या खोलीत जाऊन बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळे कोरडे होते.

मग त्या अधिकारी बाई केंद्रात आल्या. कुंदाताईंनी त्यांना मुद्दाम अशा वेळी बोलावलं होतं की बाक रिकामा नसेल, पण नानासाहेबांनी त्यांना घाईघाईने आतल्या खोलीत नेलं. आम्ही चौघंच होतो. बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. ब्राउझरमध्ये भोकं सापडत राहतात, बनवणारे ती बुजवत राहतात. हा जुना ब्राउझर बनवणाऱ्यांनीच सोडलेला, त्यामुळे त्याची भोकं आता कुणीच बुजवत नाही. दुपारी जेवणानंतर कुणीतरी त्यावर फुकट भविष्य सांगणारी पानं उघडायचं. त्यातल्या एका पानाबरोबर चोर प्रोग्रॅम आत आला. त्याने कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही दाबायची गरज पडली नाही. कुंदाताईंनी पासवर्ड टाइप केला की तो बाहेर पाठवायचा. पुढे कुठल्यातरी लांबच्या माणसाने त्या पासवर्डने फोटो काढून नेले.

"नवा ब्राउझर असता तर हे बहुतेक दारातच अडलं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

नानासाहेब खाली बघत राहिले. दुपारी जेवणानंतर भविष्य कोण बघायचं ते आम्हाला माहीतच होतं.

अधिकारी बाई गेल्यावर नानासाहेबांनी पेढ्यांचा बॉक्स आणला. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कुंदाताई, माझं चुकलं. तोंडातून गेलं. विसरून जा. पगाराचंही बघू आपण."

"दार उघडा," कुंदाताई म्हणाल्या.

"अहो, बाहेर लोक आहेत."

"तेव्हाही होते."

नानासाहेबांनी दार उघडलं नाही. कुंदाताईंनी ते उघडलं, बाहेर आल्या, टेबलावरची आपली गणपतीची छोटी मूर्ती पर्समध्ये टाकली आणि निघून गेल्या. पेढ्याला हात लावला नाही.

त्यानंतर जे झालं त्याला मी सूड म्हणते. त्या 'कामं' म्हणायच्या. "आज दोन कामं झाली," असा त्यांचा फोन यायचा. आधी त्या केंद्रात नाव असलेल्या घरांमध्ये गेल्या. निंदा केली नाही. पोलिसांनी दिलेला कागद दाखवला आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा फोटो अजून त्याच ब्राउझरमधून बघितला जातोय. काढून टाकायला सांगा, आणि समोर बसून काढून घ्या." रोज माणसं केंद्रात येऊन समोर बसायला लागली. माझं काम तेवढंच उरलं, लोकांच्या देखत त्यांच्या मुलींचे फोटो पुसणं.

मग जावयाची गिऱ्हाईकं. बेलापूरच्या बियाणं-खताच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. दुकानदार बाळू त्यांचा लांबचा चुलतभाऊ. दुकानात शेतकरी बसलेले होते.

"बाळू, तुझ्याकडे जावयाचंच सॉफ्टवेअर ना रे?"

"व्हय ताई. लई झ्याक चालतंय."

"जुन्या ब्राउझरमध्ये?"

"आता त्यातच चालतं म्हन्ल्यावर त्यातच. आपल्याला काय, बिल निघाल्याशी मतलब."

कुंदाताईंनी त्याच्याशी वाद घातलाच नाही. खुर्ची शेतकऱ्यांकडे वळवली. "तुमचं आधार कार्ड, सातबारा, अंगठा, सगळं याच्याकडे आहे ना? ज्या कपाटात ते आहे त्याचं कुलूप बनवणाऱ्याने सांगितलंय, हे कुलूप आता लागत नाही, दुसरं घ्या. आणि हा म्हणतो, दार तर उघडतंय ना."

एक म्हातारा उठला. "बाळ्या, माझा कागद काढ त्यातनं."

"अहो आण्णा, तसं काय नस्तंय..."

"काढ म्हन्लं ना. न्हाईतर मी श्रीरामपुरात बी घेतो बियानं."

बाहेर पडल्यावर कुंदाताई मला म्हणाल्या, "मालकाला कधी पटवायचं नाही. त्याला त्याचं गिऱ्हाईक पटवतं." त्या खूश होत्या. तसल्या खुशीत त्यांचा चेहरा सुंदर दिसायचा, हे सांगायला मला जरा संकोच वाटतो.

लॅब झाली, वसतिगृह झालं, ट्रान्सपोर्टचं ऑफिस झालं. जावयाने धावपळ करून नवं लिहायला घेतलं, तोवर गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली होती. केंद्राचा बाक रिकामा राहू लागला. मग एके संध्याकाळी नानासाहेब कुंदाताईंच्या घरी गेले. मुकुंदरावांनी दार उघडलं आणि म्हणे त्यांना दारातच हळूच सांगितलं, "हो म्हणून टाका. ती काय मागेल ते."

कुंदाताईंनी मागितलं एकच. जेवढी माणसं त्या दिवशी बाकावर होती तेवढी बोलवायची, आणि त्यांच्यासमोर म्हणायचं.

नानासाहेबांनी एका मंगल कार्यालयात मेळावा ठेवला. ती कुटुंबं आली, पाणी न घेणाऱ्या आजी आल्या, रामभाऊही आले. नानासाहेब माईकसमोर उभे राहिले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "कुंदाताईंचा त्यात काही दोष नव्हता."

शेवटच्या रांगेतून आवाज आला. या वेळी खाली उतरलेला नव्हता, चांगला खणखणीत होता. "ऐकू नाही आलं."

"कुंदाताईंचा दोष नव्हता."

"मग कुणाचा होता?"

कार्यालयात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. नानासाहेबांनी माईक घट्ट धरला होता. "माझा," ते म्हणाले. "मला त्यांनी परत परत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि वर नाव त्यांचं घेतलं."

कुंदाताई उठल्या, पदर नीट केला आणि चालू लागल्या. जेवणाच्या पंगती मांडल्या होत्या. त्यांनी तिथलं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी त्यांच्या मागोमाग बाहेर आले. त्या माझा हात दाबत म्हणाल्या, "उद्या पाथर्डीला जाऊ. मनीषाला सांगायला हवं."

आम्ही गेलो. मनीषाने चहा केला. कुंदाताईंनी तिला सगळं सांगितलं, अगदी माईक, पंखे, नानासाहेबांचा चेहरा. मनीषा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, तुमचं नाव साफ झालं, लई बरं वाटलं. खरंच. पण माझा फोटो अजून तिथंच हाय."

कुंदाताईंनी कप खाली ठेवला.

"पोलीस एका ठिकाणचा काढतात, दुसरीकडं निघतो. मी नंबर बदलला. शाळा बदलली. नव्या शाळेत एका पालकानं माझ्याकडं बघितलं ना, तर मला वाटतं, यानं बी बघितला असंल." ती कपबशा गोळा करायला लागली. "तुमी ज्यांच्यावर चिडलाय त्ये तरी तुमाला सापडले. माझा फोटो नेनारा कोन हाय त्येच मला म्हाईत न्हाई."

परतीच्या एसटीत कुंदाताई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर उघडेबोडके डोंगर सरकत होते. माझ्याकडे न वळता त्या म्हणाल्या, "वैशाली, मी फार लहान सूड घेतला गं."

नानासाहेबांचं केंद्र पुढे बंद झालं. मला वाटलं, आता त्या थांबतील. थांबल्या नाहीत. आता त्या जिथे जावयाचं काही नव्हतं तिथेही जायला लागल्या. क्लासवाले, दागिन्यांची दुकानं, जिथे कुठे माणसाचं नाव, फोटो, अंगठा घेतात तिथे. आत जायच्या, गिऱ्हाइकांमध्ये बसायच्या आणि बोलायला लागायच्या. काहींनी त्यांना हाकललं. एका दागिनेवाल्याने त्यांना वेडी म्हटलं. तो अपमानही त्यांनी सांभाळून ठेवला असणार. मनीषाकडे त्या अधूनमधून जात, पण त्याबद्दल मला काही सांगत नसत आणि मी विचारत नसे.

पुढे माझ्या मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही नगर सोडलं. त्यानंतर कुंदाताई मला एकदाच दिसल्या. सासूबाईंचे डोळे तपासायला मी त्यांना घेऊन नगरच्या एका दवाखान्यात गेले होते. बाकावर मुकुंदराव बसलेले, मांडीवर बायकोची पर्स. शेजारी कुंदाताई. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यामुळे डोळे मिटून ताठ बसल्या होत्या. बऱ्याच थकल्या होत्या. मी नुसतं "कुंदाताई" म्हटलं तर डोळे न उघडता म्हणाल्या, "वैशाली. आवाज जाड झालाय तुझा."

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने त्यांना बोलावलं. नाव, आधार, फोन आणि फोटो हवा होता. मी हात धरून त्यांना नेलं.

"आधी तुझा स्क्रीन वळव," त्या म्हणाल्या.

"मॅडम, पेशंटला दाखवत नाही."

"मला काहीच दिसत नाहीये. हिला दाखव."

मुलीने वैतागून स्क्रीन वळवला. मी वाकून पाहिलं. "नवा आहे, कुंदाताई."

"नीट बघितलंस? काही सूचना, काही पट्टी?"

"काही नाही. अगदी नवा."

त्या काउंटर धरून तशाच उभ्या राहिल्या. भांडायला कंबर कसून यावं आणि समोर कुणी नसावं, तसा चेहरा झाला. मागे रांग खोळंबली होती. त्यातून एक माणूस वैतागून म्हणाला, "आवरा की ओ आजी. कशाला आलाय, डोळं दाखवायला का कॉम्प्युटर बघायला?"

कुंदाताई त्या आवाजाच्या दिशेने वळल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, समोर नुसता पांढरा उजेड दिसत असणार. आवाज मात्र अगदी खाली उतरला.

"आपलं नाव काय म्हणालात?"

माणूस तोंड उघडणार, एवढ्यात मुकुंदराव बाकावरून अर्धवट उठले, पर्स छातीशी धरली आणि त्याच्याकडे बघून घाईघाईने मान हलवली. "सांगू नका," ते कुजबुजले. "सांगू नका हो."